पाहुण्यांच्या बाथरूममधली जिलेबी

आमच्याकडे थंडीत अंडी मिळत नाहीत. किस्से मात्र बारा महिने मिळतात आणि फ्रीजबाहेरही टिकतात! घरी कुणी आलं की आई चहा ठेवते, बाबा कोंबड्यांचा एखादा किस्सा काढतात, आई तो मध्येच दुरुस्त करते, मग किस्सा बाजूला राहतो आणि दोघांची जुंपते. पाहुण्यांचा चहा गार होतो. मी मध्ये पडत नाही. मी एकूणच कमी बोलते, त्यामुळे मी खोलीत आहे हे लोक विसरतात आणि बिनधास्त बोलतात. म्हणून प्रत्येक किस्सा नेमका कसा घडला ते मला ठाऊक असतं. इथे त्यातले थोडे, घडले तसे.

*

बाबा एअर फोर्समध्ये आहेत. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, पण दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग येते आणि घर ट्रकमध्ये चढतं. चंदीगडचं हे सरकारी घर ताब्यात घेतलं तेव्हा आधीचे अंकल आसामला निघाले होते. जाणाऱ्याने घरातली एकेक वस्तू दाखवायची आणि येणाऱ्याने ती तपासून घ्यायची, अशी आमच्यात पद्धत आहे. अंकलनी सगळ्या खोल्या फिरवल्या आणि शेवटी मागचं दार उघडून म्हणाले, "सर, पंखे छह, गीज़र दो और मुर्गियाँ चार. सब वर्किंग कंडिशन में!"

बाबांनी पंखे चालू करून बघितले होते. गीझरही बघितले होते. कोंबडी कशी चालू करून बघायची ते त्यांना सुचेना, म्हणून ते नुसतंच "ओके" म्हणाले.

म्हणजे त्या घरात जुन्या रहिवासी त्या होत्या आणि नवे आम्ही! त्यांनी आम्हाला ते विसरू दिलं नाही. सगळ्यांत थोरली होती ती काळी, भरदार आणि पदर खोचून भांडायला निघाल्यासारखी चालणारी. "अगदी तुझ्या मोठ्या ताईसारखी चालते," असं बाबा म्हणाले आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण नाव पडायचं ते पडलंच : मावशी. ठिपक्यांची ती बुंदी, तांबडी ती लाली आणि खारी बिस्किटाच्या रंगाची ती खारी. खारी सगळ्यांत धाकटी. दाणे टाकले की तिचा नंबर शेवटचा.

आई पहिल्यांदा दाणे घेऊन मागे गेली तेव्हा मावशीने थेट तिच्या पायातल्या जोडव्यावर चोच मारली. चकाकणारं काहीही तिला खपत नाही. दुसऱ्या दिवसापासून आई साडीवर बाबांचे गमबूट घालून अंगणात जायला लागली.

याच अवतारात शेजारच्या गिल आंटींनी तिला कुंपणावरून पहिल्यांदा पाहिलं. हात जोडून त्या म्हणाल्या, "सत श्री अकाल जी! आपके घर बाढ़ आई है क्या?"

*

जानेवारीत, पतंगांच्या दिवसांत, गिल आंटी दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आल्या. "लो पुत्तर, पकड़. हमारे पेड़ पे पतंग अटकती है, तुम्हारी तो मुर्गी अटक गई!"

कोंबडी आमची नव्हतीच. पांढरी, हडकुळी, पायाला मांजाचे वेढेच वेढे. आईने नखांच्या कात्रीने एकेक वेढा कापला, हळद भरली आणि पट्टी बांधली. "अगं, ही तर तलंग आहे," आई म्हणाली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी चष्मा लावून पाय बघितला. "पायाची पार जिलेबी झालीय हिच्या!"

पाय बरा झाला, पण बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. आणि नावही राहिलं.

आंटींनी अख्ख्या गल्लीत विचारलं, पण कुणी मालकी सांगेना. दोन घरांतून उलट प्रश्न आला, "अंडे देती है?" नाही म्हटल्यावर दारं लागली.

जिलेबीची सोय पाहुण्यांच्या बाथरूममध्ये झाली. तेव्हाच बाबांनी अट घातली. "फेब्रुवारीच्या शेवटी गावाहून माझा दादा येणार आहे. त्याला आंघोळ लागते. तोवर ही त्या चौघींत मिसळली पाहिजे. दिवेलागणीला पाचही जणी आपापल्या पायांनी एका छपराखाली गेल्या, तर ही राहील. नाहीतर डेराबस्सी."

डेराबस्सीला बाबांच्या ऑफिसातल्या एकांच्या भावाचं पोल्ट्री फार्म आहे. "तिथे खूप मोकळी जागा आहे, मनू," बाबा मला म्हणाले.

मी नववीत आहे, दुसरीत नाही. तिथली जागा रोज सकाळी कशी मोकळी होते ते मला कळतं.

 मी वार्षिक परीक्षेचा अभ्यास घेऊन बाथरूममध्ये स्टुलावर बसायला लागले. जिलेबी कमोडच्या झाकणावर बसून ऐकायची. त्या हिवाळ्यात माझं बोलणं तिच्याइतकं कुणी ऐकलं नसेल.

*

पहिला प्रयत्न आईचा. फौजी कॉलनीत नवं कुटुंब आलं की पहिल्या दिवशी शेजारी चहा-जेवण पाठवतात. आमचा ट्रक रिकामा व्हायच्या आत गिल आंटींचा राजमा आला होता. "माणसं एका ताटाने जोडली जातात, तर कोंबड्या का नाही?" आई म्हणाली. तिने परातीत भिजवलेली बाजरी, उकडलेला बटाटा, वर कोथिंबीर असा थाट केला आणि परातीशेजारी जिलेबीला उभं केलं.

चौघी आल्या. आधी त्यांनी परात साफ केली. मग चोची पुसल्या. आणि मग पाहुणीला धुतलं!

जिलेबी एका पायावर उड्या मारत माझ्या ओढणीत शिरली. कुंपणापलीकडून गिल आंटींनी सगळं पाहिलं होतं. "हाय रब्बा," त्या म्हणाल्या, "बिलकुल मेरा ससुराल!"

*

दुसरा प्रयत्न बाबांचा. त्यांच्या मते आईची चूक साधी होती. "प्रोटोकॉल चुकला. हा सिनिऑरिटीचा प्रश्न आहे. नव्या माणसाला थेट सीओसमोर उभं करतात का? आधी ज्युनियरमोस्टशी ओळख, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. हे तुम्ही मला शिकवू नका."

आम्ही काहीच शिकवत नव्हतो.

तर ज्युनियरमोस्ट म्हणजे खारी. बिचारी, सगळ्यांचा मार खाणारी, शेवटी जेवणारी. बाकीच्यांना खुराड्यात कोंडून बाबांनी खारी आणि जिलेबीला अंगणात समोरासमोर सोडलं. खारीने उजव्या डोळ्याने बघितलं. डाव्या डोळ्याने बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याखाली कुणीतरी आलंय, हे तिच्या लक्षात आलं असावं. कारण मग ती जी सुटली! मावशीने कधी मारलं नसेल इतकं खारीने जिलेबीला मारलं. तुऱ्यातून रक्त काढलं. बाबा शिट्टी वाजवत मागे, खारी पुढे आणि तिच्याही पुढे लंगडत जिलेबी.

सगळं शांत झाल्यावर आईने बाबांना पाणी दिलं. "अहो, तुमच्या ऑफिसातही असंच असतं का?"

बाबांनी पाणी पिऊन टाकलं. 

*

रक्ताचा लाल रंग दिसला की कोंबड्या तिथेच टोचत राहतात. म्हणून आईने जिलेबीच्या तुऱ्याला जांभळं औषध फासलं आणि बाबांनी सेक्टर बावीसमधून तारेची जाळी आणून अंगणाचा एक कोपरा अलग केला. एकमेकींना बघता येईल, पण मारता येणार नाही, असा बेत होता. बेत चांगला होता. जाळीची भोकं मोठी होती.

संध्याकाळी जिलेबीचा तुरा पुन्हा सोललेला! बाबा युनिफॉर्ममध्येच अंगणात उतरले आणि त्यांनी चौघींना भिंतीशी ओळीत उभं केलं. म्हणजे बाजरीची ओळ टाकली आणि त्या उभ्या राहिल्या. "आता बोला, कुणी केलं?"

बोलायची गरजच नव्हती. लालीची चोच टोकाला जांभळी. बुंदीची अर्धी जांभळी. मावशीच्या चोचीला पुसटसा डाग, जणू तिने फक्त सही केली होती. आणि खारी? खारी डोळ्यांपर्यंत जांभळी!

"रंगे हाथ पकडल्या!" बाबा आनंदाने वळले आणि मी पहिल्यांदाच त्यांना उजेडात नीट बघितलं. त्यांच्या मिशीचं एक टोक आणि अर्धा गाल जांभळा होता. सकाळी औषध लावताना जिलेबीला त्यांनीच धरलं होतं.

"बाबा, तुम्ही असेच ऑफिसला गेला होता?"

त्यांनी खिडकीच्या काचेत बघितलं. दोन मीटिंगा, एक ब्रीफिंग आणि कँटीनमधलं जेवण, एवढं सगळं झालं होतं. कुणीही एक शब्द बोललं नव्हतं. त्या दिवशी त्या ऑफिसात सगळ्यांत सिनियर बाबाच होते.

*

मग कुणीतरी आईला सांगितलं की कोंबड्यांना कामाला लावा, रिकाम्या असल्या की त्या भांडतात. अख्खा कोबी दोरीने टांगायचा, त्या उड्या मारून खातात आणि नव्या कोंबडीला विसरतात. रोज कोबी कोण टांगणार? म्हणून आई भाजी बाजारात फुलकोबीवाल्याकडे त्याने तोडून टाकलेला पाला मागायला लागली. भाजी थोडी, पाला पिशवीभर. असं बरेच दिवस चाललं.

एकदा त्याने पिशवी भरता भरता खालच्या आवाजात विचारलं, "मैडम जी, फौज में अब राशन कम आता है?"

आई काही बोलायच्या आत त्याने दोन गड्डे पिशवीत कोंबले. "रख लो जी. बच्ची बहुत पतली है."

बच्ची म्हणजे मी.

*

बामाचा किस्सा आई सांगू देत नाही, म्हणून तो लिहूनच टाकते. सगळ्यांचा वास सारखा केला की परकी कोण ते कळत नाही, अशी एक युक्ती तिने ऐकली होती. तिने पाचही जणींच्या तुऱ्यांना सर्दीचा बाम चोपडला. कोंबड्यांना वासाचं फारसं काही वाटलं नाही. आमच्या घराला वाटलं. बाम लावलेले हात पडद्यांना, सोफ्याला, फ्रीजला, सगळीकडे लागले होते.

आणि नेमक्या तेव्हाच बाबांच्या सरांच्या मॅडम न सांगता आल्या! आई हात धुवायला पळाली. बैठकीत मॅडम आणि मी. मला कुणाशीही एकटीने बोलायचं म्हटलं की धड बोलता येत नाही, आणि त्या तर बाबांच्या सरांच्या मॅडम. मॅडमनी नाक रुमालाला लावलं. "बेटा, घर में किसी को ज़ुकाम है?"

मी नुसतं "नहीं आंटी" म्हणायला हवं होतं. पण तेवढं बोलून थांबायलाही बोलायची सवय लागते. मी म्हणाले, "जी, पाँचों को लगाया है."

आमच्या घरात आम्ही तिघं आहोत. मॅडमनी आतल्या खोलीकडे बघितलं, बहुधा उरलेले दोघे तिथे झोपले असावेत म्हणून. चहा न घेताच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून थर्मासभर काढा आला. पाच जणांचा.

*

हे सगळं करूनही खारी काही बधेना. बाकीच्या तिघी आता जिलेबीला सोडून द्यायच्या. खारी मात्र जाळी जरा उघडली की तिच्यावर धावून जायची. शेवटी बाबांनी ऑर्डर काढली. "खारीला टेम्पररी ड्यूटीवर पाठवा."

टेम्पररी ड्यूटी म्हणजे गिल आंटींचं गॅरेज. दांडगाई करणारीला काही दिवस बाहेर काढायचं, म्हणजे परतल्यावर तीच नवी ठरते आणि गुमान राहते, असा हिशेब होता. आंटी खूश. रोज कुंपणावरून रिपोर्ट यायचा. "आज आपकी खारी ने आलू का परांठा खाया." "आज मक्खन के साथ खाया." "आज मैंने छोटा दिया तो नाराज़ हो गई."

गिल अंकलना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे. एका सकाळी त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला, "मुझे दलिया और मुर्गी को परांठा! मेरी भी कहीं ड्यूटी लगवा दो जी!"

इकडे अंगणात नवल घडलं. जाळी काढली तरी काही झालं नाही. जिलेबी मावशीच्या शेजारी मातीत लोळायला लागली. बुंदी आणि लाली तिच्यामागे दाणे टिपायला लागल्या. दिवसभर सगळं छान. पण सूर्य खाली गेला की तिघी खुराड्यात शिरायच्या आणि जिलेबी एकटी वळायची. स्वयंपाकघराची पायरी चढून, पॅसेजमधून टक टक करत पाहुण्यांच्या बाथरूमपाशी यायची. उचलून खुराड्यात ठेवली, तरी परत यायची. तिला तेच घर माहीत होतं. ते मीच तिला शिकवलं होतं, रोज संध्याकाळी स्टूल आणि पुस्तकं घेऊन.

म्हणून मी तिथे बसणं बंद केलं. बाथरूमचं दार लावून घेतलं. ती दाराबाहेर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि मी आतल्या खोलीत भूगोल वाचत बसायचे. भूगोल डोक्यात शिरायचा नाही.

"दिवसाचं जमलं," बाबा म्हणाले, "मुक्कामाचं नाही." त्यांनी डेराबस्सीला फोन केला. गाडी रविवारी येणार होती.

*

काका शनिवारी आले. बाबांचे थोरले भाऊ, गावाकडे शाळेत हेडमास्तर. अंगाने आडवे, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. दोन रात्री रेल्वेत काढूनही आल्या आल्या ते अंगणात गेले आणि कोंबड्यांकडे बघत उभे राहिले. आम्ही कोल्हापूरचे. त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते सांगायला नको.

"ह्यातली कुठली काढलीस माझ्यासाठी?"

"दादा, या अंड्यांसाठी आहेत," बाबा घाईघाईने म्हणाले.

"आणि ती लंगडी? ती तर अंड्यावर आलेली दिसत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तिचं... उद्या बघू."

मी चहाचा ट्रे उचलून आत गेले.

दुपारी गिल आंटी खारीला काखेत घालून घेऊन आल्या. खारी ओळखू येत नव्हती, इतकी गुटगुटीत झाली होती. अंगणात सोडल्याबरोबर मावशीने तिला एक ठेवून दिली, मग बुंदीने, मग लालीने. खारी सैरावैरा पळाली आणि लपायला जागा मिळेना तेव्हा जिलेबीच्या मागे जाऊन उभी राहिली. जिलेबीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि दाणे टिपत राहिली.

"लो जी," आंटी म्हणाल्या, "मेरे परांठे बेकार गए."

संध्याकाळी काकांनी आंघोळीला पाणी काढलं. ते सावकाश आंघोळ करतात आणि आत स्तोत्रं म्हणतात. आम्ही तिघं अंगणात उभे होतो. जिलेबीची ही शेवटची संध्याकाळ होती आणि बाबाही बाहेर येऊन उभे राहिले होते. तेवढ्यात आईला आठवलं की काकांनी आणलेले फराळाचे डबे आमच्या गाडीतच राहिलेत, आणि ती आम्हाला घेऊन पुढच्या दाराकडे गेली. डबे उतरवून परत आलो तर अंधारायला लागलं होतं. आईने खुराड्यात वाकून बघितलं.

"अहो, आत कुणीच नाही!"

एकही नाही. मावशीसुद्धा नाही. बाबा टॉर्च घेऊन कुंपणाकडे धावले, आई मुंगसाला शिव्या देत मोरीमागे बघायला लागली. मी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले, कारण आतून काकांचं स्तोत्र अर्ध्यात तुटल्याचं मला ऐकू आलं.

टक टक.

"आलो, आलो!" काका आतून म्हणाले. "दोनच मिनिटं!"

टक टक टक.

"अहो, झालंच! पाणीच घेतोय शेवटचं!"

टक टक टक टक.

मी पॅसेजमध्ये पोचले तेव्हा आई-बाबाही माझ्यामागे येऊन थांबले. पुढे जायला वाटच नव्हती. बाथरूमच्या दाराशी जिलेबी, दारावर चोच मारत. तिच्यामागे मावशी. मावशीच्या मागे बुंदी, मग लाली आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकणारी खारी. एका ओळीत, शांतपणे, आपला नंबर येण्याची वाट बघत.

कडी निघाली. काका पंचा गुंडाळून दारात उभे, एका कानाला साबण तसाच. कुणा माणसाची क्षमा मागायला त्यांनी तोंड उघडलं होतं. समोर माणूस दिसेना, म्हणून त्यांनी खाली बघितलं.

जिलेबी लंगडत त्यांच्या पायांजवळून आत गेली. मावशी गेली. बुंदी गेली, लाली गेली. काका भिंतीला पाठ लावून, पंचा घट्ट धरून, एकेकीला वाट देत राहिले. खारी उंबऱ्याशी अडखळली आणि वर मान करून त्यांच्याकडे बघायला लागली.

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा बोटांवर मोजत होते : आपापल्या पायांनी, एका छपराखाली, चार. मग काकांनी परत खारीकडे बघितलं.

"या," ते म्हणाले, "या, या. पाणी गरम आहे अजून."